घरातल्या फौजी आजोबांच्या लढाईच्या आठवणी कशा रेकॉर्ड करायच्या

ज्यांच्या घरात, भावकीत किंवा शेजारी पाकिस्तानशी झालेल्या ६५ च्या नाहीतर ७१ च्या लढाईला गेलेले फौजी अजून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकच विनंती आधी, दिवाळीच्या सुट्टीत करू, लग्नसराई उरकली की करू असं करत बसू नका. ७१ ला जो पोरगा वीस-बावीसचा होता तो आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, ६५ वाले ऐंशी ओलांडून गेलेत, आणि ६२ च्या चीनच्या लढाईवाले आता फार थोडे राहिलेत. मी आमच्या सातारा-कोल्हापूर भागातल्या माजी सैनिकांकडे बसून बरंच रेकॉर्डिंग केलंय आणि अजून चालूच आहे, त्यातून जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लढाई विचारू नका, माणसं विचारा. कोणती डिव्हिजन कुठून घुसली, कुठला पूल कधी घेतला हे पुस्तकात मिळतं, आणि खरं सांगायचं तर जवानाला तेव्हा ते माहीतही नव्हतं, त्याला पुढच्या माणसाचा पिट्टू म्हणजे पाठीवरची पिशवी, समोरचं शेत आणि सेक्शन कमांडरचा आवाज एवढंच कळत होतं. "आजोबा, लढाईचं सांगा ना" असं म्हटलं की ते २६ जानेवारीला शाळेत करतात ते भाषण सुरू करतात, देश, शौर्य, तिरंगा, दहा मिनिटांत संपतं. त्यात खोटं काही नसतं पण त्यात ते स्वतः नसतात. त्याऐवजी "तुमच्या ट्रेंचमध्ये दुसरं कोण होतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. नाव येतं, मग त्याचं गाव येतं, मग तो किती विड्या ओढायचा ते येतं, आणि मग तो पुढं कुठं पडला तेही येतं.

बसायच्या आधी घरातली कागदं काढा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा कागद), जुने फोटो, अंतर्देशीय पत्रं असतील तर ती, आणि मेडल्स. गावात आपण सगळ्याच रिटायर फौजींना मेजर म्हणतो, त्यामुळं खरा हुद्दा, ट्रेड, युनिट, भरतीची तारीख हे डिस्चार्ज बुकातूनच घ्या, त्यांना उगीच परीक्षेसारखं विचारू नका. मेडल नीट बघा, कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ७१ साठी पूर्वी स्टार असेल तर ते पूर्वेच्या आघाडीवर म्हणजे बांगलादेशच्या बाजूला होते, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेला, संग्राम मेडल मात्र त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालंय, त्यावरून जागा कळत नाही. ६५ वाल्यांकडे समर सेवा स्टार असेल तर लढाईच्या भागात होते असं धरा. पत्रांवर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढंच लिहिलेलं असतं, गावाचं नाव नसतंच, पण ९९ पूर्वेचं हे लक्षात ठेवलं तर तेवढ्यावरूनही अंदाज येतो. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते विचारा, मराठा लाईट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर.

बसण्याबद्दल थोडक्यात. सकाळची वेळ घ्या, रात्री नको, रात्री हे विषय काढले की झोप जाते आणि मग घरचे दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. तोफखान्यातल्या किंवा मोर्टरवरच्या माणसांना एका कानानं कमी ऐकू येतं, कोणता कान चांगला ते आधी बघून त्या बाजूला बसा. फोन फ्लाईट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन टेबलावर नुसता ठेवू नका, खाली टॉवेल घाला. पाऊण तास झाला की थांबा. नातवंडं, शेजारी, टीव्ही सगळं बाहेर, पण त्यांचा पलटणीतला एखादा जुना सोबती जवळपासच्या गावात असेल तर त्याला एकदा मुद्दाम गाडीत घालून घेऊन या, दोन फौजी एकत्र बसले की जे निघतं ते आपण शंभर प्रश्न विचारूनही निघत नाही. पहिली बैठक मात्र एकट्याचीच करा, नाहीतर ज्याचा हुद्दा मोठा तोच बोलतो आणि दुसरा मान हलवत बसतो.

आता मुख्य भाग, माणसं कशी विचारायची.

आधी बरोबरचे जवान. नाव, गाव, तालुका, घरी कोण होतं, लग्न झालेलं का, रजेवरून परत येताना काय घेऊन यायचा, गाणं म्हणायचा का, कशाला घाबरायचा. रायफल कोणती होती ते विचारा, थ्री-नॉट-थ्री की एसएलआर, एलएमजी (हलकी मशीनगन) कोण उचलायचं आणि नंबर दोन म्हणजे त्याचा जोडीदार कोण होता. हत्याराचं बोलताना फौजी माणूस मोकळा होतो कारण ते त्याच्या हातातलं काम होतं, आणि एलएमजीच्या नंबर दोनचं सांगता सांगता तो आपोआप त्या माणसावर येतो. लंगरचा विषय पण असाच आहे, पुढं जेवण कोण घेऊन यायचं, थंड झालेलं असायचं का, कितव्या दिवशी गरम चहा मिळाला. लंगरी, ड्रायव्हर, सिग्नलवाला, स्ट्रेचर उचलणारे यांची नावं कुठल्याच पुस्तकात येत नाहीत, ती नक्की विचारा.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पुस्तकात ७१ ची लढाई ३ डिसेंबरला सुरू होते आणि १६ ला ढाक्यात सही होऊन संपते, पश्चिमेला १७ ला गोळीबार थांबला. जवानाची लढाई एवढ्या दिवसांची नव्हती. कित्येक पलटणी ऑक्टोबरपासूनच बॉर्डरवर जाऊन बसल्या होत्या, पूर्वेला नोव्हेंबरमध्येच चकमकी सुरू झालेल्या, आणि पश्चिमेला शकरगडच्या बाजूला जो भाग आपण घेतला होता तिथं आपले लोक सिमला करार होऊन गेल्यावरही डिसेंबर १९७२ पर्यंत ट्रेंच खोदून बसले होते. म्हणजे रेडिओवर विजय होऊन वर्ष झालं तरी हे तिथंच, आजूबाजूला पेरलेले माईन्स, आणि इकडं महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. घरून पत्र यायचं की पाऊस नाही, बैल विकले, आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जाते. हे वर्ष कोणी विचारतच नाही. मी प्रत्येकाला विचारतो की युद्ध संपल्यावर तुम्ही किती दिवसांनी घरी आलात आणि आल्यावर घर कसं दिसलं, आणि दर वेळी सगळ्यात लांब उत्तर याच प्रश्नाला मिळतं.

जे पूर्वेला होते त्यांना पाकिस्तानी कैद्यांबद्दल विचारा. सुमारे ९३,००० लोक ताब्यात आले होते, त्यांना भारतात आणून कॅम्पात ठेवलं होतं आणि परत पाठवणं ७४ पर्यंत चाललं, तेव्हा आपल्या कितीतरी जवानांनी महिनोन्महिने त्यांच्यावर ड्युटी केलीय. समोरासमोर गोळ्या झाडल्या त्याच माणसांना नंतर रोज बघायचं, त्यांची पत्रं, त्यांचं आजारपण. "त्यांच्यातलं कोणी लक्षात आहे का?" असं विचारून बघा. आमच्या ओळखीचे एक नाईक होते, लढाईचं काही सांगायचे नाहीत, पण कॅम्पातला एक पाकिस्तानी शिपाई रोज पोरीचा फोटो दाखवायचा हे सांगताना थांबत नव्हते.

आता सिव्हिलियन. हा भाग सगळ्यात नाजूक आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा पण आहे. पूर्वेला गेलेल्यांनी जे बघितलं ते भयंकर होतं, सुमारे एक कोटी लोक भारतात निर्वासित म्हणून आले होते, रस्त्यानं चालत येणारी कुटुंबं, जळालेली गावं, विहिरीत आणि शेतात प्रेतं, बायकांवर झालेले अत्याचार. वीस वर्षाच्या मुलानं ते पाहिलंय आणि आयुष्यभर घरी कोणाला सांगितलेलं नाही. त्यामुळं तुम्ही स्वतःहून प्रेतांचा, अत्याचाराचा प्रश्न विचारायचा नाही. सुरुवात मदतीपासून करा. पाणी कोणी दिलं, रस्ता कोणी दाखवला, भाषा कळत नव्हती तर बोलायचात कसं, नदी कशी ओलांडली. त्या भागात नद्याच नद्या, तिथल्या लोकांनी होड्या दिल्या, बैलगाड्या आणि सायकल रिक्षांवर दारूगोळा वाहिला, गावच्या गावं पुढं यायची. मुक्तीबाहिनीची, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली लोकांची, पोरं वाटाड्या म्हणून पुढं असायची, आपले जवान त्यांना मुक्ती फौज म्हणायचे, त्यातलं कोणी लक्षात आहे का ते विचारा. यातून पुढं ते जिथंपर्यंत येतील तिथंपर्यंत यायचं, त्यापुढं ओढायचं नाही.

पश्चिमेला होते त्यांना आपल्याच बाजूच्या गावांबद्दल विचारा. बॉर्डरवरची गावं रिकामी केली होती, उभ्या उसात खणलेले मोर्चे, घराला कुलूप, दावणीला राहिलेली गुरं. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या जवानाला दुसऱ्या शेतकऱ्याच्या पिकात रणगाडा घालताना काय वाटलं हे फार जण न विचारताच सांगतात. आणि पलीकडच्या रिकाम्या गावात शिरल्यावर काय दिसलं, चुलीवर काय होतं, कोणी म्हातारं माणूस मागं राहिलं होतं का. इथं कधी कधी अशीही गोष्ट येते जी सांगायला अवघड असते, कोणी काही उचललं, कोणी कोणाशी वाईट वागलं. तेव्हा तोंडावर नाराजी दाखवायची नाही आणि "जाऊ द्या हो, युद्धात चालतंच" असंही म्हणायचं नाही. ऐकायचं. तो माणूस पन्नास वर्षांनी एका माणसाला सांगतोय, त्याला न्यायाधीशही नको आहे आणि वकीलही नको आहे.

मग साहेब लोक. कमांडिंग ऑफिसरबद्दल विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "सीओ साहेब फार चांगले होते." ते लिहून घ्या आणि पुढं विचारा, चांगले म्हणजे काय करायचे? ट्रेंचपर्यंत यायचे का, नावानं ओळखायचे का, मराठी बोलायचे का? मराठा पलटणीत बाहेरच्या प्रांतातून आलेल्या साहेबाला जवानांची भाषा शिकावी लागते, त्यामुळं पंजाबी किंवा तमिळ साहेबाची मराठी कशी होती यावर हमखास गोष्टी निघतात. नवीन लेफ्टनंट साहेबांबद्दल वेगळं विचारा, तीस वर्षाचा हवालदार आणि एकवीस वर्षाचा साहेब, हुकूम साहेबाचा आणि अनुभव हवालदाराचा, ते कसं जमायचं. ७१ ला बसंतरच्या लढाईत पडले ते अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, एकवीस वर्षांचेच होते. त्यांच्याच रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल तारापोर ६५ ला फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही रणगाड्यात राहिले आणि १६ सप्टेंबरला गेले. दोघांनाही परमवीर चक्र. अशा साहेबांच्या हाताखाली जे होते त्यांना विचारायचं की साहेब गेल्यावर पुढच्या तासाला काय झालं, कमांड कोणी घेतली, वायरलेस सेटवर कोणाचा आवाज आला. साहेबाच्या शौर्याचं सगळीकडे लिहिलेलं आहे, त्या पुढच्या तासाचं फक्त या माणसांकडे आहे.

सुभेदार साहेबांना विसरू नका. जवानाच्या आठवणीत खरा वडिलकीचा माणूस बहुतेक वेळा जेसीओच (सुभेदार, नायब सुभेदार या हुद्द्याचा) असतो, रजा, भांडण, घरची तार, सगळं त्याच्याकडे.

एकच प्रसंग वेगवेगळ्या उंचीवरून कसा दिसतो त्याचं उदाहरण म्हणून बांगलादेशातलं जमालपूर घ्या. डिसेंबर ७१ मध्ये ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदला, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, त्यानं उलट उत्तर दिलं आणि कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री त्याचे लोक वेढा तोडून ढाक्याकडे निघाले ते थेट मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या मोर्च्यांवर येऊन आदळले, पलटणीचे सीओ तेव्हा कुलदीप सिंग ब्रार होते. चिठ्ठीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्या रात्री थंडीत जमिनीत खड्डा करून जो शिपाई बसला होता त्याला चिठ्ठीचं काही माहीत होतं का, पहिला आवाज कुठून आला, त्यानं कधी ओळखलं की हे आपले नाहीत, शेजारच्यानं काय केलं, आणि सकाळी उजाडल्यावर समोर काय होतं? आणि ती चिठ्ठी घेऊन शत्रूच्या कॅम्पात गेला तो मुक्तीबाहिनीचा बंगाली माणूस, त्याला जाताना कोणी बघितलं का? जंगी पलटणीतले कोणी तुमच्या गावात असतील तर हे प्रश्न आजच जाऊन विचारा.

साहेबांवरचा राग पण निघतो. चुकीचा हुकूम, वेळेवर न आलेला दारूगोळा, नाव दुसऱ्याचं झालं, मेडल दुसऱ्याला गेलं. ६२ वाल्यांकडे तर हे भरपूर आहे, सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून त्यांना बर्फात पाठवलेलं. हे सगळं रेकॉर्ड करा, कापू नका, पण बाहेर देताना त्या साहेबाचं नाव काढा. तो साहेब आज उत्तर द्यायला नसतो, त्याची मुलंबाळं असतात, आणि खंदकातून जे दिसलं तेवढ्यावर आपण कोणाच्या नावापुढं ठपका लावू नये असं मला ठाम वाटतं.

बोलता बोलता थांबले, आवाज गेला, हात थरथरायला लागले तर रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, शेताचं, पाऊसपाण्याचं बोला. "मग पुढं काय झालं?" हा प्रश्न तेव्हा विचारायचा नाही. त्या रात्री घरच्यांना सांगून ठेवा की लक्ष ठेवा, काही जण अजूनही झोपेत ओरडून उठतात. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरला दाखवा, माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेची सोय आहे, आणि बाकीची आठवण राहिली तरी चालेल.

आता तपासणी. आठवण तारखेत चुकते, माणसात क्वचित चुकते, म्हणून तारखेवरून त्यांना अडवू नका, नंतर आपण जुळवा. गावाकडच्या खुणा वापरा: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा तुम्ही कुठं होता, दुष्काळात रजेवर आला होता का, थोरली मुलगी तेव्हा झाली होती का. चंद्र पण फार कामाला येतो. ७१ च्या डिसेंबरात २ तारखेला पौर्णिमा होती, दत्तजयंतीची, आणि १७ ला अमावस्या. म्हणजे लढाईच्या पहिल्या रात्री लख्ख चांदण्याच्या आणि शेवटच्या रात्री गडद अंधाराच्या. कोणी म्हणालं की हल्ल्याला निघालो तेव्हा चांदण्यात सगळं दिसत होतं, तर तो हल्ला महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला असणार, मग तारीख त्यांना आठवो न आठवो. शहीद झालेल्या सोबत्याचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरच्या नावांशी जुळवून बघा, तिथं नाव सापडलं की त्याचा फोटो काढून आजोबांना दाखवा. युनिटच्या वॉर डायऱ्यांबद्दल (लढाईतल्या रोजच्या नोंदवह्या) संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये धोरण केलंय, साधारण २५ वर्षांनी त्या खुल्या करायच्या असं, त्यामुळं अधिकृत इतिहास येत राहील तेव्हा त्याच्याशीही पडताळा. दोन्ही जुळत नसेल तर दोन्ही तसंच ठेवा, आजोबांचं वाक्य दुरुस्त करू नका.

आजीला वेगळं बसवून विचारा, आजोबांसमोर नको. तार येईल म्हणून पोस्टमनची सायकल दिसली की काय व्हायचं, पत्र वाचून कोण दाखवायचं, रेडिओ कोणाच्या घरी होता, परत आलेला माणूस गेलेल्या माणसासारखाच होता का. हिच्याकडची लढाई अजून कोणीच लिहून घेतलेली नाही.

लिहून काढताना त्यांची भाषा तशीच ठेवा, फौजेतलं हिंदी, "फॉल-इन", "स्टँड-टू", "नफरी", गावाकडचं मराठी, सगळं मिसळून जसं येतं तसं. पुस्तकी मराठी केली की तो माणूसच जातो. फाईलला नाव, गाव, युनिट, तारीख लिहा, फोनमध्ये एकच कॉपी ठेवू नका, एक पेन ड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. नंतर कधी गुप्त किंवा संवेदनशील ठिकाणी पोस्टिंग झालं असेल तर त्याबद्दलचं बाहेर देऊ नका. मग सगळं त्यांना वाचून दाखवा, ते जे काढा म्हणतील ते वाद न घालता काढा, आणि बाहेर काय द्यायचं, घरात काय ठेवायचं हे त्यांच्याकडून रेकॉर्डिंगवरच म्हणवून घ्या.

आणि जो सोबती परत आला नाही त्याच्या घरचा पत्ता शोधा. गाव, तालुका तुम्ही आधीच विचारलेला असतो, तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा माजी सैनिक संघटनेत चौकशी केली की बहुतेक वेळा पुतण्या, नातू कोणीतरी सापडतं. त्यांच्या घरी एक तार आणि एक फोटो एवढंच असतं, शेवटचा दिवस कसा गेला ते कोणी सांगितलेलं नसतं. आधी फोन करून विचारा की ऐकायचंय का, लगेच हो म्हणतील असं नाही, वेळ द्या. हो म्हणाले तर त्याच्याबद्दलचा तेवढा भाग वेगळा कापून त्यांना द्या, आणि जमलं तर आजोबांशी बोलणं करून द्या.